आण्णांची येळवस

निवृत्तीआण्णा कधी नमस्कार करत नसत. दारात उभं राहून त्यांचा पहिला प्रश्न एकच, "लेकरं जेवली का?" मी दाढी करत असो, वह्या तपासत असो किंवा बायकोची बोलणी खात असो, आधी त्याचं उत्तर द्यावं लागे. कळंबला आम्ही त्यांच्याच दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो, त्यामुळे सुटका नव्हती.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. नव्या राज्याला गणिताच्या मास्तरांची फार निकड असणार असं मानून मी इंदूरहून बायको सुशीला आणि दोन मुलं घेऊन आलो. राज्याचं माझ्यावाचून अडलं नव्हतं हे लवकरच कळलं. सुशीलाला तर ते आधीच माहीत होतं. इंदूरला रविवारी मामे-मावस भावंडं, बाग, सर्कस; इथं रविवारी आम्ही चौघं एकमेकांची तोंडं बघत बसायचो. एक दिवस तिनं पलंगाखालची ट्रंक ओढून काढली. "मुलं हसायची विसरलीत हो. मार्गशीर्ष संपेपर्यंत बघते, नाहीतर यांना घेऊन मी माहेरी जाते."

मी घाबरलो. घाबरलेला गणिताचा मास्तर जे करतो तेच केलं, तक्ता आखला. कोणत्या सुट्टीला कुठं जायचं, कितीची एस.टी., डब्यात काय, सगळं भिंतीवर चिकटवलं. पहिला मान येडशीच्या रामलिंगाचा. तिथला धबधबा बघायला मी हिवाळ्यात नेलं, तेव्हा दगड बघून झाले. लाडवांचा डबा माकडांनी नेला. धाकटा रडत परतला.

आण्णा ओट्यावरच होते. "लेकरं जेवली का?"

"माकडं जेवली," सुशीला म्हणाली.

आण्णा पोट धरून हसले. मग तक्त्यापुढं उभे राहिले. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी बराच वेळ बघितला. "मास्तर, तुमी लेकरांना जागा दावत फिरता. लेकरांना माणसं लागत्यात. अमुशाला येळवस हाय, रानात पूजा करून तितंच जेवायचा सण. आमच्या रानात या सगळी. ज्याला रान न्हाय त्याला त्या दिशी घरी बसू देत न्हाय आमी."

"अवश्य येऊ!" मी म्हणालो. हेडमास्तरांनी बोलावलं, त्यांनाही अवश्य. वाणी, शाळेचा शिपाई, त्यांनाही अवश्य. आमच्या इंदूरकडं 'अवश्य येऊ' हा नाही म्हणायचा सभ्य प्रकार होता. तक्त्यात अमावास्येला तुळजापूर होतं, आणि तक्ता मोडणारा मी नव्हे.

अमावास्येला सकाळी आठची गाडी चुकली. पुढची दुपारी. स्टँडवर चिटपाखरू नव्हतं, चहावालासुद्धा रानात गेला होता. सुशीला माझ्याकडं पाठ करून बसली होती. डोक्यावर ऊन आलं तेव्हा एक बैलगाडी धुरळा उडवत आली. आण्णा होते, आणि पहिल्यांदाच त्यांनी मुलांचं विचारलं नाही.

"मास्तर, तुमी येतो म्हणला व्हता का न्हाय?"

"म्हणालो होतो, पण..."

"आमची आई ऐंशी वर्साची हाय. सकाळधरनं तोंडात पाणी घेतलं न्हाय तिनं. सांगावा दिलेला पाव्हना आल्याबिगर पंगत बसत न्हाय आमच्यात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुकाट गाडीत बसलो. रानात कडब्याच्या खोपीत पूजा मांडलेली होती आणि भोवती अकरा माणसं उपाशी बसली होती. म्हातारीनं माझ्या मुलांच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "बसा रं, वाडा आता." बाजरीचे उकडलेले उंडे, पालेभाज्या-डाळींची घट्ट भज्जी, मडक्यातली आंबील. मी हावरटासारखा जेवलो, आणि उठतो तोच बांधावरून हेडमास्तर ओरडले, "आमच्याकडं येणार होतात ना?" त्यांच्यामागं वाणी. त्याच्यामागं शिपाई.

त्या दिवशी मी चार रानांत जेवलो. चौथ्या रानात आंबिलीचा तांब्या हातात घेऊन मी बाभळीखाली आडवा झालो, तेव्हा सुशीला हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईतो हसली. मुलं कुठं आहेत हे आम्हाला माहीतच नव्हतं. ज्वारीतून त्यांच्या आरोळ्या तेवढ्या ऐकू येत होत्या. घरी आल्यावर तिनं ट्रंक पलंगाखाली ढकलली. तक्ता मीच फाडला.

सात वर्षांनी बदली झाली. त्यानंतर एकदा आण्णा आजारी असल्याचं कळून एकटाच भेटायला गेलो. खाटेवरून त्यांनी विचारलं, "लेकरं जेवली का?" मुलगी तेव्हा कॉलेजात होती.

निघताना मी म्हणालो, "येळवसला सगळे येतो, आण्णा."

"उगं येतो म्हणू नका मास्तर. मी वाट बघतो."

"नक्की येतो."

कार्तिकात ते गेले. येळवसला आम्ही चौघं निघालो, आणि नेहमीप्रमाणे माझी गाडी चुकली. रानात पोचेतो दुपार टळली होती. आता कसली पंगत, असं मनाशी म्हणत मी खाली मान घालून बांध ओलांडला.

खोपीपुढं पत्रावळ्या मांडलेल्या होत्या, कोऱ्या. आण्णांचा थोरला उठून पुढं आला. "आण्णा सांगून गेलेत, मास्तर येतो म्हणलेत," तो म्हणाला. "चला, बसा. कुणीच जेवलं न्हाय अजून."