सहाशे दोनची राखण

पांढरा समुद्र म्हणतात त्या किनाऱ्याच्या अंगाला तो नवा टॉवर उभा राहिला तेव्हा रत्नागिरीकरांनी त्याला आधी मनसोक्त नावं ठेवली आणि मग रविवारी पोराबाळांना घेऊन तोच बघायला गेले. आपल्याकडे हे असंच. 'मोती मरीना' असं त्याचं नाव. खाली काचेच्या दुकानांची रांग आणि वर सात मजले. दुकानांपैकी एक आइस्क्रीमवाला, एक मोबाइलवाला आणि एक सुपरमार्केट एवढीच उघडली, बाकीच्या शटरांवर अजून 'लवकरच येत आहे' लटकलंय. वरचे फ्लॅट मात्र भराभर गेले. गेले म्हणजे काय, तर त्यांना कुलपं लागली. घेणारे सगळे मुंबईचे, पुण्याचे, कोणी दुबईचे. संध्याकाळी समुद्रावर फिरायला येणारे मान वर करून बघतात, तर चार-पाच खिडक्यांत उजेड आणि बाकी सगळा काळोख.

या इमारतीत दिवसभर घर सांभाळणारी बाई एकच होती, आणि ती सांभाळत होती ते घर कोणाचंच नव्हतं. पहिल्या मजल्यावरचा सँपल फ्लॅट, गिऱ्हाइकांना दाखवायचा. बाईचं नाव शालन. नवरा काशीराम एसटीच्या वर्कशॉपात होता, तो वारून बरीच वर्षं झाली. एकुलता मुलगा संदेश ऐरोलीला एका कंपनीत, सून तेजल हॉस्पिटलात नर्स, नात सानवी तिसरीत. शालनचं स्वतःचं घर गावात, बौद्धवाडीत. चांगलं चिऱ्याचं घर, पण वाडीतली निम्मी दारं बंद. चाकरमानी मे महिन्यात आणि जयंतीला येतात, चार दिवस गडबड करतात आणि वाडी पुन्हा गप्प होते. काशीराम गेल्यावर हळूहळू शालन घरात एकटी भिंतींशी बोलायला लागली, तेव्हा शेजारच्या सखूने तिला हे काम लावून दिलं. 'पगारापेक्षा माणसं दिसतील गो तुला,' सखू म्हणाली. माणसं दिसली, हे खरंच. यायची, सोफ्यावर बसून बघायची, नळ उघडून बघायची आणि जायची.

सुरुवातीला पुण्याहून दोन मुली तो फ्लॅट सजवायला आल्या होत्या. त्यांनी शालनला शिकवलं होतं की घर नुसतं स्वच्छ नको, घरात माणसं राहतायत असं वाटलं पाहिजे. म्हणजे टेबलावर दोन कप, एक थोडा सरकवलेला. बाथरूममध्ये टॉवेल जरा वाकडा. मुलांच्या खोलीत पलंगाखाली छोटे बूट, त्यातला एक आडवा. शालनला आधी हसू आलं. आयुष्यभर पोराचे बूट सरळ लावले आणि आता पगार घेऊन वाकडे टाकायचे! पण हात बसला तिचा. इतका बसला की एकदा एका गिऱ्हाईक बाईने 'इथले लोक बाहेर गेलेत का?' असं दबक्या आवाजात विचारलं. शालनला फार बरं वाटलं त्या दिवशी.

स्वतः मात्र ती डबा खायची स्वयंपाकघरात, खाली फरशीवर बसून. खुर्च्या दाखवायच्या होत्या ना.

आता खरी गोष्ट. हे काम धरलं त्याच सुमारास फोनवर बोलता बोलता संदेश म्हणाला होता, "कंटाळा आलाय गं आई या धावपळीचा. रत्नागिरीत काहीतरी बघायला पाहिजे एकदा." बस, एवढंच. माणूस दमल्यावर असं काहीबाही बोलतो आणि जेवून झोपतो. पण शालनने ते वाक्य उचललं आणि पदराच्या गाठीला बांधलं. संदेश येणार. तेजल काय, नर्सला कुठेही नोकरी मिळते. सानवीला शाळा इथेही आहेत. गावातल्या घरात त्यांना नाय करमायचं, रस्ता खराब, मोबाइलला रेंज नाय, पण इथे टॉवरमध्ये का नाय? आणि मग आपण तिघांना भाकरी करून घालू. म्हातारपणी घरात माणसं असावीत, दुसरं काय मागत होती ती!

संदेशला तिने पुन्हा काही विचारलं नाही. विचारलं आणि 'नाही' म्हणाला तर? त्यापेक्षा न विचारलेलं बरं. तिने आपलं फ्लॅट राखायला घेतला.

सहाव्या मजल्यावरचा कोपऱ्यातला, सहाशे दोन. सँपल फ्लॅटसारखाच आतून, पण गॅलरीत उभं राहिलं की समोर समुद्र आणि डावीकडे लांबवर मिरकरवाडा बंदरातल्या होड्या. वर जाऊन रिकामे फ्लॅट दाखवायचं कामही शालनकडेच असायचं. सेल्स ऑफिसातला केतन खाली एसीत बसून किल्ल्यांचा जुडगा तिच्या हातात द्यायचा. गिऱ्हाइकांनी सहाशे दोनमध्ये पाऊल टाकलं की शालन हळूच सुरू करायची. "वारा बंदराकडनं फिरला की मासळीचा वास येतो हां." "कोपऱ्याचा फ्लॅट, खारा वारा दोन्हीकडनं. ग्रिल गंजतंय." "संध्याकाळचं ऊन थेट हॉलात, टीव्ही दिसायचा नाय." यातलं एकही खोटं नव्हतं. फक्त त्यातलं बहुतेक सगळ्या इमारतीला लागू होतं, हे ती सांगत नसे. पुण्याची माणसं नाकाला रुमाल लावून पाचशे एक घ्यायची. केतन कपाळावर हात मारायचा, "मावशी, एवढा सी-फेसिंग फ्लॅट, जात का नाही हो?" शालन म्हणायची, "नशीब असतं एकेका जागेचं."

आणि कोणी नसलं की ती वर जायची. रिकाम्या खोलीत उभी राहून म्हणायची, "सानवी, उठ गो बाय, शाळेची रिक्षा येईल." आवाज घुमायचा. मग तिची तिलाच लाज वाटायची आणि ती खाली यायची.

दोन वर्षं हे असं चाललं. मग मनस्वी आली.

मनस्वी शाळेत शिकवायची. नवरा अनिल मिरकरवाड्यात बर्फाच्या कारखान्यात सुपरवायझर. दोन मुलं, गुडघ्यांनी बेजार झालेली सासू आणि राहायला किल्ल्याच्या बाजूला भाड्याच्या दोन खोल्या. पहिल्याच दिवशी ती सहाशे दोनच्या गॅलरीत गेली आणि म्हणाली, "हाच." शालनने नेहमीचं पालुपद सुरू केलं, "मासळीचा वास येतो हां, बाय—"

मनस्वी खो खो हसायला लागली. "वास? अहो मावशी, माझा नवरा घरी आला की सगळं बंदरच घरात येतं! वासाचं काय घेऊन बसलात?"

गंज, ऊन, कशाचाच उपाय चालला नाही. दुसऱ्या खेपेला ती मुलांना घेऊन आली, तिसऱ्या खेपेला सासूला. म्हातारीला लिफ्टने वर नेऊन आणलं आणि मग ती सँपल फ्लॅटच्या सोफ्यावर टेकली. शालनला म्हणाली, "तुम्ही हितंच असता रोज? मग बरं झालं. ही दोघं कामाला गेली की मी बोलू कोणाशी? तुम्ही येत जा वर चहाला." किती महिन्यांनी कोणीतरी शालनला चहाला बोलावत होतं! तिला त्या क्षणी कबूल करून टाकावंसं वाटलं की घ्या हो, तुम्हीच घ्या, तुम्ही राहाल तरी. शब्द अगदी ओठांवर आले होते.

पण संदेश? तो आला आणि फ्लॅट गेलेला असला तर?

"मनस्वीबाय," ती म्हणाली, "तो सहाशे दोन कालच बुक झाला गो. केतनला अजून माहीत नाय, त्याला बोलू नको, वरून झालाय. साहेबांच्या ओळखीतला कोणीतरी."

हे मात्र सपशेल खोटं. मनस्वीचा चेहरा पडला. दुसरा फ्लॅट बघू म्हटलं तर तिला समुद्र दिसणाराच हवा होता, आणि बाकीचे तसे सगळे गेले होते. महिन्याभरात त्यांनी कुवारबावला घर घेतलं. समुद्र नाही, पण शाळा जवळ. ते कळलं त्या दिवशी शालनला जेवण गेलं नाही. आता हे पाप कारणी लागलं पाहिजे, असं वाटून तिने संदेशला फोन लावला आणि पहिल्यांदाच स्पष्ट सांगितलं. "संदेश, हितं एक फ्लॅट हाय. मी धरून ठेवलाय. येऊन बघ."

"बघतो ना," संदेश म्हणाला. "मी पण तेच म्हणत होतो तेजलला."

ऐकलंत? तेच म्हणत होता! शालनने फोन ठेवला आणि संध्याकाळी वाडीत गेल्या गेल्या शेजारच्या सखूला मिठीच मारली.

मे महिन्यात संदेश आला, एकटाच. तेजलची ड्युटी होती, सानवीचा पोहण्याचा क्लास होता. तो सहाशे दोनमध्ये गेला, गॅलरीत उभा राहिला, शिट्टी वाजवली आणि म्हणाला, "आई, सोनं शोधलंस तू." बँकेतलं सगळं त्याने आधीच बघून ठेवलं होतं. खाली जाऊन केतनसमोर बसला, सह्या केल्या आणि दोघं मायलेक पुन्हा वर आले. शालनचे पाय जमिनीवर नव्हते. ती त्याला खोल्या दाखवत सुटली, जशी गिऱ्हाइकांना दाखवायची तशी नाही, भलत्याच घाईने.

"ही सानवीची खोली. पलंग हितं भिंतीला, म्हणजे उजेड डाव्या हाताला येईल अभ्यासाला. आणि ही तुमची. माझं काय, मी हॉलात पण पडेन."

संदेश मोबाइलने भिंतीचं माप घेत होता. "इथे दोन डबल बेड बसतील," तो म्हणाला. "हॉलमध्ये सोफा-कम-बेड टाकला की आठ जण आरामात."

"आठ कोण?"

"पर्यटक गं. हल्ली बीचवर दिवसावर फ्लॅट देतात. गणपतीपुळ्याला जाणारी माणसं एक रात्र इथे थांबतात. ऑनलाइन बुकिंग, सगळं फोनवर." तो उत्साहाने बोलत होता. पोरगं काही वाईट नाही हो, खरंच नाही. त्याला वाटत होतं, आईला आनंद होईल. "हप्ता त्यातूनच सुटेल. आणि आई, तू आहेस म्हणून तर मी हिंमत केली. तुझ्यासारखं घर कोण मांडणार? चादरी, टॉवेल, किल्ली देणं-घेणं, सगळं तू बघ."

शालन सानवीच्या खोलीच्या दारातच उभी होती. दोन वर्षं जे विचारलं नव्हतं ते तिने तेव्हा विचारलं.

"आणि तुम्ही राहायला कधी येणार?"

"राहायला?" संदेशने मोबाइल खाली केला. तो खरोखरच गोंधळला होता. "आई, राहायला कसं येणार? माझी नोकरी, तेजलचं हॉस्पिटल, सानवीची शाळा... मी कधी म्हणालो राहायला येतो?"

म्हणाला नव्हता. शालनने आठवून पाहिलं, कधीच म्हणाला नव्हता. जे काही होतं ते तिचं तिनेच मांडलं होतं, आणि त्यापायी एका भरल्या घराला खोटं बोलून दारातूनच परतवून लावलं होतं. ती म्हातारी आज इथे बसली असती. घरात चहा उकळत असता. तिला रडू आलं नाही, राग आला. कोणाचा, ते तिला नीट कळेना.

"मी नाय करायची ते काम," ती म्हणाली. "परक्या माणसांसाठी घर मांडून मांडून दमले मी. तुझं घर नाय मांडायची तसं."

आयुष्यात पहिल्यांदा तिने पोराला नाही म्हटलं होतं. तिला वाटलं, आता तो दचकेल, विचारेल, निदान जवळ येऊन बसेल.

"बरं बरं, नको करू," संदेश समजुतीने म्हणाला. "तुझं वय पण झालंय, माझ्याच लक्षात यायला हवं होतं. बाई ठेवू कोणीतरी. त्यात काय!" आणि त्याने उरलेल्या भिंतीचं माप घेतलं.

खाली केतन पेढे घेऊन उभाच होता. अडकलेला फ्लॅट सुटला म्हणून स्वारी खुशीत होती. "मावशी, आता तुम्ही आमच्या मालकीणबाई! बोला, राहायला कोण कोण येणार?"

"कोण नाय येणार," शालन म्हणाली.

केतनचा हात तसाच राहिला. संदेशने फोनमधून मान वर केली. "असं काय बोलतेस, आई? सीझनला तर एक दिवस रिकामा राहणार नाही. माणसंच माणसं येतील बघ."

"येतील रे. माणसं येतील," ती म्हणाली. "तू तेवढा नाय येणार."

संदेशने घड्याळ बघितलं. त्याला परतीची गाडी पकडायची होती.