कोरड्या विहिरीचा खर्च

माझे बाबा समुद्रातल्या तेलविहिरींवर ड्रिलिंगचं काम करायचे. चौदा दिवस तिकडे, चौदा दिवस रायपूरला. घरी आले की आधी दोन दिवस झोपायचे, मग आमच्या बुढापारा वस्तीतल्या तलावाभोवती एकटेच फिरायचे. आमचं बोलणं फारसं व्हायचं नाही. ते रिटायर झाले तेव्हा मी इथल्याच एका गुंतवणूक सल्लागार फर्ममध्ये नोकरीला लागले होते.

एकदा साहेबांनी मला तीन तेल-वायू कंपन्या दिल्या. कोणाचा शेअर खरंच स्वस्त आहे ते सांगायचं होतं. मी सवयीनं शेअरचा भाव घेतला आणि दर शेअरमागच्या नफ्यानं भागला. एक परदेशी कंपनी फारच स्वस्त निघाली. रविवारी सकाळी बाबा चहा घेऊन माझ्या लॅपटॉपशेजारी बसले.

"एवढी स्वस्त काहून आहे, पाहिलं का?"

"नफा चांगला आहे न, बाबा."

"तेलाचा भाव चढला की सगळ्यांचाच नफा चांगला दिसते. कोरड्या विहिरीचा खर्च कुठं टाकला ते पाह."

मी पाहिलं. तेल न लागलेल्या विहिरींचा खर्च बाकीच्या दोघी लगेच नफ्यातून कापत होत्या, ही पुढच्या कितीतरी वर्षांवर वाटत होती. तिघींचे नफे शेजारी ठेवून काही कळणारच नव्हतं. बाबा म्हणाले, नफ्याऐवजी शोधाचा खर्च कापायच्या आधी हाती येणारी रोकड धर, सगळ्या शेअरांच्या किमतीत कंपनीचं कर्ज मिळवून त्या रोकडीनं भाग, आणि खाली किती वर्षांचं तेल उरलं तेही पाह.

"मले हे कॉलेजात कोणी नाही सांगितलं."

"एक विहीर आम्ही चार महिने खोदली. काहीच नाही लागलं."

"कधीची गोष्ट?"

"तू दहावीत होती. दिवाळीले मी आलो नव्हतो पाह, तीच विहीर."

आईनं तेव्हा सुट्टी मिळाली नाही एवढंच सांगितलं होतं.

"तुम्ही येईपर्यंत मी तुमच्याशी फोनवर बोलले नव्हते," मी म्हटलं.

"हव. मालूम आहे."

मी रिपोर्ट नव्यानं केला. ती स्वस्त कंपनी तिसऱ्या नंबरवर गेली, आणि साहेबांनी तोच रिपोर्ट पुढे पाठवला. त्याच्या पुढच्या वर्षी बाबा गेले.

आता अशा कंपन्या आल्या की कोणता आकडा धरायचा हे मला कोणाला विचारावं लागत नाही. विचारायचं राहिलंय ते वेगळंच. समुद्रावर झोप लागायची का, त्यांचा तिथला दोस्त कोण होता, घरी फोन लागला नाही की ते काय करायचे. त्या रविवारी ते दुपारपर्यंत माझ्याजवळ बसले होते, आणि मी कामाचंच विचारत राहिले.