थंड मशीनचे मार्क

माझ्या मामाचा आवाज काढायचा तर आधी नाक चिमटीत धरायचं, हनुवटी छातीला टेकवायची आणि चष्म्याच्या वरून बघत म्हणायचं, "नव्याचे नऊ दिवस! आधी मार्क बघू, मग कौतुक." एवढं जमलं की अर्धा मामा झाला. उरलेल्या अर्ध्यासाठी हातात एक लांबट वही लागते.

मामा एका मोठ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर लॅपटॉप दुरुस्त करतो. खोलीला खिडकी नाही, दिवसभर नळीचा दिवा आणि समोर पोटं उघडून पडलेली मशीनं. आठवडाभर हे केल्यावर दुसरा कुणी रविवारी पाय ताणून झोपला असता. मामा रविवारी घरी लोकांचे लॅपटॉप तपासायचा, तेही फुकट. कुणी नवा घेतला किंवा कुणाला जुना विकायचा असला, की तो मशीन बगलेत मारून मामाच्या स्वयंपाकघरात हजर. गल्लीत मामाचं नावच पडलं होतं मार्कमास्तर.

त्याच्याकडे बेंचमार्कचा एक प्रोग्राम होता. तो मशीनला दहा मिनिटं गणितं, चित्रं, फायली असं सगळं एकदम करायला लावतो आणि शेवटी एक आकडा देतो. तो आकडा मामा वहीत लिहायचा आणि शेजारच्या रकान्यात थोरल्याचा आकडा, तुलनेला.

थोरला म्हणजे मामाचा स्वतःचा लॅपटॉप, वय वर्षं सहा. घेतला तेव्हा दुकानातला सगळ्यात भारी होता. पुढे मामाने त्याची मेमरी वाढवली, डिस्क बदलली, एक बिजागरी तर दुसऱ्या मेलेल्या मशीनची आणून बसवली. बाकी जगातला प्रत्येक लॅपटॉप त्याच्या लेखी धाकटा. "आणा, आणा धाकट्याला. थोरल्याच्या पाया पडू दे."

आणि एक नियम होता. मशीन थंड हवं. चाचणीआधी ते अर्धा तास स्वयंपाकघराच्या दगडी ओट्यावर पालथं पडलेलं असायचं. "ताप असलेल्या पोराची कुणी परीक्षा घेतं का? सगळ्यांना सारखी संधी!" असं मामा म्हणायचा. त्यावर मामीचं ठरलेलं, "अहो, मग मी भाजी कुठे चिरू? तुमच्या टकलावर?"

मामाच्या घराच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त हेडक्लार्क राहतात. त्यांचं प्रत्येक वाक्य 'तत्त्वतः'ने सुरू होतं. त्यांनी एकदा कोरा करकरीत लॅपटॉप आणला. त्याला पडले अकराशे दोन. थोरल्याचे अकराशे ऐंशी. हेडक्लार्क खुर्चीतच खचले.

"तत्त्वतः म्हणजे मी फसलो?"

"तत्त्वतः नाही हो, चांगलेच फसलात," मामी भांडी घासता घासता म्हणाली. त्या रविवारी मी हा प्रसंग तीन घरांत करून दाखवला, दोन ठिकाणी परत कर म्हणाले.

या वहीवर गल्लीचा विश्वास होता, पण गल्लीपेक्षाही जास्त ताईचा. ताई मामाची एकुलती एक मुलगी. लहानपणापासून ती वह्यांच्या कोपऱ्यात चित्रं काढायची. पानं भराभर सोडली की कोंबडी धावायची, धडपडायची, उठून परत धावायची. तिला हलती चित्रं शिकवणाऱ्या एका शाळेत जायचं होतं. जागा साठ, परीक्षा वर्षातून एकदा, वयाची अट एकवीस. पहिल्या वर्षी ती घाबरली, दुसऱ्या वर्षी दोन मार्कांनी हुकली. हे तिसरं वर्ष आणि ती एकवीसची झालेली. म्हणजे ही शेवटची परीक्षा.

परीक्षा घरूनच द्यायची होती. अडीच तासांत आपल्याच मशीनवर इलेक्ट्रॉनिक पेनने चित्रं काढायची, त्यांची अर्ध्या मिनिटाची फिल्म करायची आणि पाठवायची.

"बाबा, मला नवा लॅपटॉप लागेल," ताई म्हणाली.

मामा नाही म्हणाला नाही, हे मी मुद्दाम सांगते. पैसे तर मामीने आधीच बाजूला काढून ठेवले होते. मामाने दुकानातून नवा धाकटा दोन दिवसांच्या बोलीवर घरी आणला. चंदेरी, इतका पातळ की मामी म्हणाली, "हा लॅपटॉप आहे की ताटली?" तो आणि थोरला, दोघेही अर्धा तास ओट्यावर निजले. मग चाचणी. नव्याचे बाराशे चौसष्ट. थोरल्याचे अकराशे ऐंशी.

"चौऱ्याऐंशी मार्क!" मामाने वही आपटली. "जेमतेम सात टक्के! सहा वर्षांनी लहान असून! आता बोला."

"पण बाबा, चित्रं काढताना थोरला गुरगुरतो."

"गुरगुरतो म्हणजे राबतो. मुकाट बसतात ते कामचुकार."

मामी हात पुसत मध्ये पडली. "दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. घेऊन टाका हो पोरीला."

"आकडा खोटं बोलत नाही," मामा म्हणाला.

ताईने वहीतल्या त्या दोन आकड्यांकडे पाहिलं. याच वहीच्या मागच्या पानांवर ती अक्षरं गिरवायला शिकली होती. "तुम्ही तपासलंय ना? मग ठीक," ती म्हणाली. सोमवारी नवा धाकटा खोक्यात बसून दुकानात परत गेला.

परीक्षेच्या दिवशी सक्त नियम होते. खोलीत दुसरं कुणी नको, दार बंद, कॅमेरा चालू, माइक चालू, कसलाही आवाज नको. म्हणून ताईने पंखा बंद केला, खिडकी लावून घेतली. आम्ही तिघं दाराबाहेर स्वयंपाकघरात, चपला काढून, श्वाससुद्धा बेताने घेत. थोड्या वेळाने दारामागून थोरल्याचा आवाज यायला लागला.

मामाचा चेहरा उजळला. माझ्या कानाशी येऊन तो कुजबुजला, "ऐक, ऐक! जोर लावतोय गडी!"

मला गप्प बसवत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. मी ओठ मिटून हळूच काढला, हूंऽऽऽ. मामीने तोंडावर हात दाबला. पुढे तो आवाज बदलला, बारीक शिट्टीसारखा झाला, मध्येच तुटायचा आणि पुन्हा चढायचा. मी तोही काढला, हूंईऽऽ, हूं, हूंईऽऽ. मामी चहा ओतत होती, ती हसली आणि चहा बशीत सांडला. मामाने तळहात एकमेकांना न लावता टाळ्या वाजवल्या. आमच्या घरात इतका आनंदाचा अर्धा तास पुन्हा आलेला नाही.

दार उघडलं तेव्हा ताईचे केस कपाळाला चिकटले होते.

"रेघ मागून येत होती," ती म्हणाली.

आम्हाला कळेना. तिने हवेत बोट फिरवून दाखवलं. "पेन इथे आणि रेघ तिथे, मागून येते. पहिला पाऊण तास झाल्यापासून. शेवटी फिल्म करायला लावली, ती ब्याण्णव टक्क्यांवर अडकली."

"मग परत लाव, होईल की," मामा म्हणाला.

"बाबा, वेळ संपली."

मामा आत गेला, थोरल्याच्या पोटाखाली हात घातला आणि झटकन बाहेर काढला.

ताई ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पेन धुतल्यासारखं पुसलं, डबीत ठेवलं आणि विचारलं, "आई, चहा उरलाय का?"

तीन दिवसांनी मामाने मला वर बोलावलं; आमचं घर त्याच्या खालीच. दुकानातून लवकर आला होता, शर्टही बदलला नव्हता. समोर वही आणि भिंतीवरून काढलेलं घड्याळ.

"साळुंकी, तो आवाज काढ." नकला करते म्हणून त्याने मला ठेवलेलं नाव.

"कुठला?"

"दारामागचा. पहिल्यापासून. जसा होता तसा, तुझं काही न घालता."

मी काढला. आधी तो खालचा, सरळ. मामा मान डोलवत होता. "बरोबर. इथपर्यंत ठीक." मग मी बारीक शिट्टीचा काढला, तुटणारा. मामाचा पेन्सिलीचा हात थांबला.

"हा कधी आला?"

"मामी चहा ओतत होती तेव्हा."

"म्हणजे चाळीस मिनिटं झाली होती." त्याने वहीत चाळीस लिहिलं. "हा जोराचा नाही गं. हा दम लागल्याचा."

मशीन फार तापलं की जळून जाऊ नये म्हणून आपणच वेग कमी करतं. हे मामाला माहीत नव्हतं असं नाही. दुकानात रोज दोन तरी गिऱ्हाइकांना तो हेच समजावून सांगतो. पण घरची चाचणी दहा मिनिटांची, आणि मशीन ओट्यावरून उचललेलं, थंडगार. दहा मिनिटांत थोरला तापायचाच नाही. सगळ्यांना सारखी संधी द्यायच्या नादात मामाने परीक्षेतला उकाडाच काढून टाकला होता.

"आणि मी टाळ्या वाजवत होतो," तो म्हणाला. मग म्हणाला, "तू जा खाली."

पुढच्या रविवारी त्याने तोच चंदेरी धाकटा दुकानातून पुन्हा आणला. ओटा नाही. ताईच्या खोलीत, ताईच्या टेबलावर, पंखा बंद, खिडकी बंद, दोघे शेजारी शेजारी, अडीच तास. दर दहा मिनिटांनी आकडा. धाकटा बाराशे चौसष्टने निघाला आणि शेवटी होता बाराशे एक्कावन्न. थोरला निघाला अकराशे ऐंशीने. चाळिसाव्या मिनिटाला आठशे तीस. तासाने सहाशे. शेवटच्या ओळीत चारशे बारा. मामाचा सगळा शर्ट भिजला होता, पण दार त्याने उघडलं नाही.

संध्याकाळी त्याने वही ताईसमोर ठेवली. हनुवटी छातीला टेकलेली, पण चष्म्याच्या वरून बघणं नव्हतं. "चूक माझ्या चाचणीची होती. तुझा हात चांगलाच चालत होता. हे बघ, इथे सगळं आहे."

ताईने बोट फिरवत आकडे वाचले. सहाशेपाशी बोट थांबलं. "इथे मी कोंबडीचे पाय काढत होते," ती म्हणाली.

"मी त्या शाळेला पत्र लिहितो. आकडे जोडतो. त्यांना कळेल."

"बाबा, त्यांना काय करायचंय आपल्या मशीनशी?" तिने वही मिटली. "आणि मी सांगितलं होतं तुम्हाला. गुरगुरतो म्हणून." आवाजात राग नव्हता. मी नीट ऐकलंय, अजिबात नव्हता. "राहू दे आता."

दोन महिन्यांत तिला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. यंत्रांच्या माहितीपुस्तिकांतली चित्रं काढायची. मिक्सरचं झाकण, त्यावर एक हात, कुठल्या दिशेला फिरवायचं त्याचा बाण. काहीही हलत नाही.

मामाने नियम बदलला. आता चाचणी अडीच तासांची, बंद खोलीत. हेडक्लार्क भाच्याचा लॅपटॉप घेऊन आले आणि अर्ध्या तासात चुळबुळायला लागले. "मास्तर, तत्त्वतः हे पूर्वी दहा मिनिटांत व्हायचं."

"दहा मिनिटं कुणीही शहाणा असतो," मामा म्हणाला.

अडीच तास कुणाला असतात? हळूहळू लोक यायचे कमी झाले. जे येतात त्यांच्या आकड्याशेजारचा रकाना मामा रिकामा सोडतो. थोरला कपाटावर आहे, बासनात.

आठ महिन्यांनी ताई दोन दिवसांसाठी आली. खांद्याला नवी पिशवी, आत नवा लॅपटॉप. स्वतःच्या पगारातून घेतलेला, स्वतःच निवडलेला. घेताना तिने फोन केला नव्हता. पिशवी तिने दाराजवळच्या खुंटीला अडकवली.

मामा त्या खुंटीवरून सतरा वेळा गेला आला. पाणी प्यायला, वर्तमानपत्र घ्यायला, काही नाही तर चप्पल सरळ करायला. जेवताना न राहवून त्याने विचारलं, "तापत नाही ना फार?"

"नाही बाबा. छान चालतो."

"किती वेळ लावून बघितलास?"

"रोजच चालतो की. आठ तास."

"अरे वा," मामा म्हणाला. "आठ तास म्हणजे... वा." आणि पुढे त्याने आमटीच्या वाटीत बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर गेले तर मामी भाजी जमिनीवर बसून चिरत होती, मांडीला पाट लावून. सगळी भांडी खिडकीच्या कट्ट्यावर एकावर एक. ओटा मोकळा, पूर्वी लॅपटॉप निजवायला लागायचा तसा. नुसता मोकळा नाही, पुसून कोरडा केलेला. ज्या ओट्यासाठी ती वर्षानुवर्षं भांडली, तो तिने आपणहून रिकामा केला होता, आणि मामाला काही बोलली नव्हती, मामाही तिला काही बोलला नव्हता. वही मात्र फळीवरून खाली आली होती. वर पेन्सिल, टोक काढलेली.

मी तोंड उघडणार होते, मामीने माझ्याकडे फक्त पाहिलं.

ताई दिवसभर घरात होती. ओट्यापाशी उभी राहून तिने दोनदा चहा केला. एकदा त्या रिकाम्या दगडावर तळहात ठेवून जरा वेळ थांबली, असं मला वाटलं. मग साखरेचा डबा उचलून तिथे ठेवला, चमचा घेतला, डबा परत जागेवर.

संध्याकाळी तिची गाडी होती. तिने मामीला मिठी मारली, माझा गाल ओढला, मामाला म्हणाली, "येते, बाबा. तब्येत सांभाळा." खुंटीवरून पिशवी काढून खांद्याला लावली. मामा जिन्यापर्यंत गेला. पावलं खाली उतरून फाटक वाजेपर्यंत तो तिथेच उभा होता.

परत आला तेव्हा मामी ओट्यासमोर फडकं घेऊन उभी होती.

"ठेव आता भांडी," मामा म्हणाला.

"राहू दे की उद्यापर्यंत," मामी म्हणाली.

"ठेव गं." आणि पहिलं पातेलं त्याने स्वतःच उचलून ओट्यावर ठेवलं, अगदी मधोमध.