कण्यांची खळ

मालन आणि गुणाजीचं ते भांडण शेवंतीने पडद्याआडून ऐकलं, त्याला बावीस वर्षं झाली. नवऱ्याचा तेरावा उरकून ती पिशवी घेऊन ठाकुर्लीला धाकट्या भावाकडे, गुणाजीकडे, आलेली. खोली दीड, खाट एक, आणि खाटेवर गुणाजीचं पुठ्ठ्याचं रॉकेट पसरलेलं.

"अहो, नणंदबाई जमिनीवर आणि तुमचं हे नळकांडं खाटेवर?"

"अगं, ओल लागली की पुठ्ठा वाकतो."

"माणूस नाही वाकत?"

गुणाजीने रॉकेट उचललं. खाट शेवंतीला मिळाली. भिंतीला उभं केलेलं रॉकेट पावसाळ्यात केळ्यासारखं वाकलं, भंगारात गेलं. तो बहिणीला एका शब्दाने बोलला नाही. शेवंती मात्र ते विसरली नाही.

गुणाजी कळव्याला कारखान्यात टर्नर होता. सुट्टीच्या दिवशी बाकीचे पत्ते कुटायचे, हा कापडाच्या गोदामातून ठाण गुंडाळायच्या पुठ्ठ्याच्या जाड नळ्या मागून आणायचा. टोकाची टोपी लाकडाची, लेथवर घडवलेली. खाली उतरताना उघडायची छत्री मालनच्या नायलॉन साडीची. नळीवर खाकी कागदाचे थर चढवायचं काम शेवंतीचं. त्यासाठी दर शनिवारी तो पावशेर तांदळाची कणी आणायचा, आणि शेवंती कणीची चिकट खळ शिजवायची.

"ताई, तुझ्या खळीने आगगाडीचे डबेसुद्धा जोडता येतील," तो म्हणायचा.

मालन गेली, तरी शनिवारची कणी चुकली नाही.

लहान रॉकेटं बरीच उडाली. त्याला नऊ फुटी एक उडवायचं होतं. "वर सगळीच जातात, ताई. धड खाली येणं, तेच खरं काम." त्या एकाला पाच वर्षं लागली. तोवर हाताला कंप सुटलेला. पुढच्या वर्षी या हातांनी सुईत दोराही ओवता येणार नाही, हे त्यालाही कळत होतं, तिलाही. एका कॉलेजच्या मंडळींकडे रॉकेट उडवायची परवानगी होती, मोटरही त्यांनीच दिली. टिटवाळ्यापलीकडच्या माळावर एक दिवस मिळाला. नंतर तिथे इमारतींचा पाया खणणार होते.

त्या सकाळी टेम्पो खाली उभा, गुणाजी मोरीत. शेवंती रॉकेटला कुंकू लावायला गेली, तर टोपी हातात डुगडुगली. बिचाऱ्याच्या हातून सैल राहिली, तिला वाटलं. वाटीत कालची खळ होती. तिने टोपीच्या काठाला आतून बोट फिरवलं आणि दोन्ही हातांनी दाबून धरली. खाटेचं देणं थोडं तरी फिटलं, असं मनात येऊन ती हसलीसुद्धा.

रॉकेट सुसाट गेलं. घारीएवढं झालं, मग टाचणीएवढं.

"आता टोपी उडेल," गुणाजी म्हणाला.

"टोपी उडते?"

"मुद्दाम सैल ठेवलीय. तिथूनच छत्री बाहेर येते ना. आता बघ. आता."

शेवंतीने आपलं बोट पदरात लपवलं. टोपी उडाली नाही. रॉकेट तोंडघशी खाली आलं आणि माळात हातभर रुतलं.

गुणाजी एकटाच चालत गेला. तुकड्यांतून त्याने टोपी उचलली, काठ नखाने खरवडला, पांढरा पापुद्रा निघाला. त्याने मागे वळून बहिणीकडे पाहिलं आणि टोपी पिशवीत टाकली. कॉलेजच्या सरांना म्हणाला, "छत्रीची घडी चुकली. माझेच हात, सर."

घरी शेवंती कितीदा बोलायला गेली. तिने "गुणाजी, ऐक" म्हटलं की तो टीव्ही मोठा करायचा. पुन्हा त्याने नळीला हात लावला नाही. त्याचं जेवण अर्ध्यावर आलं, अंग आटलं. तिनेही खळ शिजवली नाही. कणी मात्र येत राहिली, डबा भरला, मग दुसरा भरला. ती मऊ भात करून कणी संपवू बघायची, पण भात पातेल्यातच उरायचा.

त्याचा शेवटचा शनिवार आषाढातला. तीन जिने कठडा धरून उतरला, चढला. यायला तास लागला.

"ताई, कणी. खडे बघून घे."

"कशाला आणतोस रे आता?"

"शनिवार आहे ना."

पुडी ओट्यावर ठेवून तो भिंतीकडे तोंड करून जमिनीवर आडवा झाला. खाट ताईची होती.