सारवलेले गोठे

वाळूमाशी डासापेक्षाही लहान. भिंतीच्या भेगेत पंख उभे करून बसते आणि हुसकावली तर नीट उडतही नाही, टुणटुण उड्या मारते. जिल्ह्यात तिची कोणती जात कुठे आढळते हे नोंदवणं माझं काम. नातेवाईक विचारतात, "अजून माश्याच मारतेस का?" मारत नाही हो, शोधते!

नांदगावकडची नोंद झाली होती, वणीचीही. दिंडोरीजवळचं एक गाव मात्र नकाशावर कोरं होतं. तिथे माशी आहे हे मी स्वतः पाहिलेलं. डासांच्या कामाला गेले असताना एका गोठ्याच्या भिंतीत दिसली होती. पण डोळ्यांनी पाहिलेलं आमचे साहेब धरत नाहीत. माशी काचपट्टीवर हवी, सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या घशातले दात दिसायला हवेत, तेव्हा कुठे जात ठरते आणि नकाशावर ठिपका पडतो. ठिपका पडला तरच गावात फवारणी. ही माशी तापाची साथ पसरवते, म्हणून माझा जीव त्या ठिपक्यात अडकला होता.

थंडी पडायच्या आत जायला हवं होतं. गोठ्याच्या मालकांना फोन केला, उद्या सकाळी येते म्हणून. न कळवता कुणाच्या दारात जायचं नाही, असं आमच्या घरचं वळण.

गेले तर दारात रांगोळी. मालकीणबाई, म्हणजे काकू, हसत पुढे आल्या. "या मॅडम. तुमी येनार म्हनून सगळा गोठा सारवून घेतला. भेगा बी लिंपल्या."

मागून काका म्हणाले, "अन् द्राक्षाच्या पंपानं फवारा मारलाय. तुमाला काय चावायला नको."

भिंत ओली, गुळगुळीत. शेणाच्या वासात औषधाचा उग्र वास. मी बॅटरी मारून कोपरान् कोपरा पाहिला. एक माशी असेल तर शपथ! रडू यायचंच बाकी होतं. राग काढणार तरी कुणावर? काकूंच्या नखांत अजून शेणमाती होती. शेजारचा गोठा बघते म्हटलं, तर त्या अभिमानानं म्हणाल्या, "अख्ख्या आळीला सांगितलं मी. समद्यांनी सारवलंय."

खरंच सारवलं होतं. पोहे खाऊन परत आले.

"आढळली नाही" असं लिहावं लागलं. मी साहेबांशी भांडले. आढळली नाही आणि नाहीच, यात फरक असतो की नाही? "नकाशावर तशी वेगळी खूण नाही," ते म्हणाले, आणि गाडी दुसऱ्या तालुक्याला देऊन टाकली.

पुढच्या आठवड्यात काकूंचा फोन. सारवण वाळून तडकलं होतं, माश्या परत आल्या होत्या. "नातीच्या अंगावर गांधी उठल्यात हो. फवारनीवाले कधी येनार?"

कोणीही येणार नव्हतं, आणि हे सांगायला माझी जीभ रेटेना. म्हटलं, "काकू, रविवारी मीच येते, एसटीनं. पण गोठ्याला हात लावू नका. भेगा तशाच राहू द्या. झाडूसुद्धा मारू नका."



"असं कसं मॅडम," काकू दुखावल्या आवाजात म्हणाल्या, "पावन्याला घान गोठ्यात न्यायचं व्हय? ते काय नाय. उद्याच सारवायला घेते."