एक जूनला जन्मलेले फिटर

कडोदऱ्याच्या आमच्या कारखान्यात पुढच्या आठ वर्षांत जुने लूम काढून नवे बसवायचे ठरले, आणि मेंटेनन्सचा प्रमुख म्हणून माणसांचा तक्ता माझ्या गळ्यात पडला. कोणत्या वर्षी किती यंत्रं येणार, कोण फिटर निवृत्त होणार, नव्या यंत्राचं शिक्षण कोणाला द्यायचं. साठीला किमान पाच वर्षं बाकी असलेल्यालाच शिक्षणाला पाठवायचं, असा शेठच्या मुलाचा नियम. नियम वाईट नव्हता, पण त्यात दादा बसत नव्हता. कागदावर त्याची चारच वर्षं उरली होती.

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. त्यानेच मला खानदेशातून सुरतेला आणलं, पाना धरायला शिकवलं. शिक्षण हुकलं तर जुन्या लूमबरोबर तोही बाहेर पडणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

तक्ता पाहून शेठचा मुलगा हसला. "नवमांथी सात फिटर पहेली जूने जन्म्या?"

मी सांगितलं, नवांतल्या सातांची तारीख एकच यात नवल नाही; आमच्याकडे शाळेत नाव घालताना मास्तर एक जून टाकून मोकळे होत. पोर पाचाचं असलं तरी सहाचं लिहीत. बोलता बोलताच मला वाट सापडली. खरं वय धरलं तर दादा वर्षाने लहान निघणार आणि यादीत बसणार. मी हट्टालाच पेटलो, की या तारखांवर आठ वर्षांचं काम ठरवूच नका.

"तो साची उंमर लखी लावो," तो म्हणाला. "बधानी." म्हणजे सगळ्यांचीच खरी वयं लिहून आणायची होती.

जेवणाच्या सुट्टीत मी जवळजवळ आनंदातच दादाला गाठलं आणि त्याचं खरं वय विचारलं. त्याने डब्याचं झाकण लावलं.

"मी शाळामा गऊ तवय नऊ वरीसना व्हतू. मास्तरनी सहा लिखं. मले साठ पुरं व्हवाले एकच वरीस बाकी शे."

कागदावरचंच राहू देऊ, असं मी घाईघाईने म्हणालो.

"खोटं लिखू नको. तू मले धरीसन चालशी, आनि दोन वरीसमा मना हात थरथरनात, तं मशीनजोडे कोन उभं ऱ्हाई?"

मला त्याचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त. नको तिथे शहाणपणा कोणी सांगितला होता? गप्प बसलो असतो तर त्याची चार वर्षं तरी शाबूत राहिली असती. शेवटी त्याने सांगितलं तेच मी लिहिलं आणि तक्ता देऊन टाकला.

आठवड्याने यादी भिंतीवर लागली. पुढच्या वर्षी निवृत्त होणाऱ्यांत दादाचं एकट्याचंच नाव होतं. त्याने बोट ठेवून सगळी यादी सावकाश वाचली, माझ्या नावापर्यंत. लहानपणच्या आजारपणामुळे मी दोन वर्षं उशिरा शाळेत गेलो होतो, मास्तरांनी माझंही सहाच लिहिलं होतं, आणि कारखान्यात हे फक्त त्यालाच ठाऊक होतं.

"आनि तुनं?" त्याने विचारलं.

"कागदवरलं," मी म्हणालो.

"चांगलं करं," तो म्हणाला आणि कामाला लागला.