लाल ठिपका दिसला की बोला

रहिमतपूरच्या नाथाजी सरांची उमेदीची वर्षं लष्करी इस्पितळात रुग्णसेवा करण्यात गेली. निवृत्तीनंतर शेतात त्यांचा जीव रमेना. कराडच्या दिग्विजयनं नर्सिंगच्या मुलींसाठी ऑनलाइन इंग्रजीचे वर्ग काढले आणि शिकवायला सरांना बोलावलं. दिग्विजय त्यांच्या मित्राचा मुलगा, त्यांच्या खांद्यावर खेळलेला. सर लगेच तयार झाले.

मुली बावीस. परदेशातल्या नोकरीची मुलाखत इंग्रजीत द्यायची. वाचायला सगळ्यांना यायचं, पण बोला म्हटलं की पडद्यावर नुसते काळे चौकोन. सर कधी रागावले नाहीत.

"चुका गं पोरींनो, कोण मारतंय? इथलं बोलणं इथंच राहील. वर लाल ठिपका दिसला की वर्ग सुरू. मग बिनधास्त बोला."

ऑपरेशन चालू असलं की दारावर लाल दिवा लागतो, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं. हा ठिपकाही तसलाच, असं ते धरून चालले.

जतकडची अंकिता दोन महिने मुकीच होती. घरची मेंढरं, वडील ज्योतिबा त्यांच्यामागं. एक दिवस सर म्हणाले, "माझ्याशी बोलू नगंस. तुझ्याजवळ कोण हाय?"

"मेंढी हाय, सर. पाय मोडलाय तिचा."

"मग तीच तुझी पेशंट. विचार तिला."

अंकितानं पहिल्यांदाच कॅमेरा लावला. "गुड मॉर्निंग. व्हेअर यू पेनिंग?"

मेंढी ओरडली. शिराळ्याची सोनिया म्हणाली, "सर, पेशंट म्हणतीया, इंजेक्शन नगं!" सगळ्या हसल्या, अंकिताही हसली. मग कुणी म्हशीला तपासलं, कुणी सासूला. त्या दिवसापासून अंकिता रोज बोलू लागली.

मुलाखत चार दिवसांवर आली आणि सुनेनं, मंगलनं, सरांसमोर मोबाईल धरला. दिग्विजयच्या क्लासची जाहिरात. त्यात अंकिता आणि मेंढी, वर अक्षरं, 'आमच्याकडे येण्याआधी!', मागं खदाखदा हसण्याचा आवाज.

सरांनी तडक कराड गाठलं.

"हे तुझ्याकडं आलं कुठनं?"

"आवं काका, सगळे वर्ग रेकॉर्ड हुत्यात की. तो लाल ठिपका कशाचा वाटला तुमास्नी?"

"पोरीला विचारलंस?"

"त्यात काय विचारायचं? चेष्टा हाय. लय चाललीया जाहिरात."

"काढून टाक ती."

"मी काढीन हो. पण लोकांच्या मोबाईलमधनं कशी काढू? बसा, चहा घ्या."

चहा न घेताच सर निघाले. स्टँडवरूनच त्यांनी अंकिताला फोन लावला. तो ज्योतिबानं उचलला.

"सर, पोरगी बाहीर पडंना. गल्लीतली पोरं तिच्यामागनं ब्यां ब्यां करत्यात."

"तिला द्या जरा."

अंकिता हळूच म्हणाली, "सर, तुमीच म्हणला हुतासा, लाल ठिपका दिसला की बोल."

मला ठाऊक नव्हतं, असं सांगायला सरांनी तोंड उघडलं. पण त्या पोरीला त्याचा काय उपयोग? ते इतकंच म्हणाले, "चुकलं माझं, पोरी. मुलाखतीला जाशील न्हवं?"

पलीकडे मेंढी ओरडली. अंकितानं फोन ठेवून दिला.